जीप तापते, पण केव्हा?



वैशाखातली दुपार आहे. सांगोल्याहून महूदकडे जाणाऱ्या रस्त्यावर लिंबाच्या सावलीला एक जुनी जीप उभी आहे. बॉनेट उघडे, आणि पुढून वाफेचा लोट निघतो आहे. भोवती चार माणसे जमली आहेत. एक म्हणतो, "रेडिएटर गेला." दुसरा म्हणतो, "थर्मोस्टॅट काढून फेका, कटकटच नको." तिसरा तर घागर घेऊन विहिरीकडे निघालासुद्धा. असा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आज या गाडीच्या तापाविषयी थोडे बोलू.

सांगोला हा खिलार जनावरांचा मुलूख. बैल लंगडू लागला, तर आपण लगेच चारही पायांना औषध लावीत नाही. कोणता पाय टेकत नाही, चढावर लंगडतो की सपाटीवर, बसून उठल्यावर लंगडतो की चालून चालून, हे आधी पाहतो. गाडीचेही तसेच आहे. ताप हा रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. म्हणून "काय बदलू?" असे विचारण्याआधी "केव्हा तापते?" असे विचारावे.

इंजिनात जळणाऱ्या तेलाची जवळजवळ एक तृतीयांश उष्णता पाण्याला वाहून न्यावी लागते. पंप ते पाणी इंजिनातून फिरवतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते निवते, आणि पंखा त्या नळ्यांवरून वारा ओढतो. यांतले काय बिघडले, ते तापण्याची वेळच सांगते.

गाडी उभी असताना किंवा सावकाश चालताना तापते आणि वेगात गेली की निवते, तर वारा कमी पडतो असे समजा. फॅनचा पट्टा सैल आहे का, त्याला तेल लागले आहे का, पंख्याभोवतीचा पत्रा कोणी काढून टाकला आहे का, ते पाहा. रेडिएटरच्या जाळीत धूळ, कडब्याचा भुसा आणि किडे बसतात. ते इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या हाताने पाणी मारून काढावेत. जोराच्या धारेने पात्या वाकतात.

उलट, उभी असताना ठीक, पण वेगात किंवा भार ओढताना तापते, तर पाणी पुरेसे फिरत नाही किंवा नीट निवत नाही. नळ्या आतून बुजल्या असतील. खालचा रबरी पाईप मऊ पडून वेगात चपटा होत असेल. इंजिनाचे टाइमिंग चुकले असेल, किंवा एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहिला असेल. चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्या. एकच चाक फार तापले असेल तर दोष तिथे आहे.

इथे फोर व्हीलचीही गोष्ट आली. माणच्या वाळूत किंवा चिखलाच्या रानात तो गियर हवाच. पण लो गियरमध्ये इंजिन जोरात फिरते आणि गाडी मात्र मुंगीच्या पावलाने चालते. समोरून वारा मिळत नाही, सगळी मदार पंख्यावर. म्हणून अधूनमधून काट्याकडे लक्ष द्यावे. आणि डांबरी रस्ता लागताच फोर व्हील काढावे. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर चालत नाहीत. जुन्या जीपमध्ये ती एकत्र बांधली की ओढाताण होते, आणि तो भार इंजिनावर पडतो.

सुरू करून थोड्याच वेळात तापली आणि वरचा पाईप थंडच राहिला, तर थर्मोस्टॅट अडकला असण्याचा संभव फार. मात्र तो कायमचा काढून टाकणे हा उपाय नव्हे. मग थंडीत इंजिन नीट गरम होत नाही, तेल जास्त जळते आणि झीज वाढते. नवा बसवावा.

आणि कुठेही गळती नसताना पाणी कमी होते? थंड इंजिनावर झाकण काढून गाडी सुरू करा. पाण्यात सारखे बुडबुडे येत असतील, गरम झाल्यावरही सायलेंसरमधून पांढरी वाफ येत असेल, किंवा डिपस्टिकवरचे ऑइल दुधी चहासारखे दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. अशी गाडी पुढे रेटू नका. मिस्त्रीकडेसुद्धा ओढून न्या.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. घरच्या बंबात जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरमध्ये धरतो. हा थर उष्णता अडवतो आणि नळ्या बुजवतो. म्हणून रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट घालावे. वाटेत अडल्यावर बोअरचे पाणी घातले तर घातले, पण घरी आल्यावर ते काढून टाकावे. काढलेले कुलंट उघड्यावर ओतू नये. ते गोडसर असते आणि विषारी असते. वासराने किंवा कुत्र्याने चाटले तर जिवावर बेतते.

शिक्षक बंधुभगिनींना यात दोन चांगले प्रयोग सापडतील. बंबातल्या थराच्या तुकड्यावर लिंबू पिळा. फसफसले, की मुलांना चुन्याची ओळख पटेल. आणि जुना थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात दोरीने लोंबकळत सोडून पाणी तापवा, सोबत तापमापक ठेवा. ८० अंशांच्या आसपास तो उघडू लागतो. पाणी उकळले तरी मिटलेलाच राहिला, तर तो निकामी.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. रेडिएटरचे झाकण कुकरसारखे आहे. दर चौरस इंचाला एक पौंड दाब वाढला, की पाण्याचा उकळबिंदू दीड-दोन अंशांनी वर जातो. आतले पाणी शंभर अंशांच्या वर असते, तरी उकळत नाही. झाकण उघडले, की दाब सुटतो आणि तेच पाणी उसळून तोंडावर येते. माणूस आयुष्याचा भाजतो. म्हणून वाफ दिसताच गाडी सावलीला घ्या, इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास थांबा. वरचा पाईप हाताला सोसवेल इतका निवला, म्हणजे जाड फडके धरून, तोंड बाजूला करून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा. फुस्स आवाज थांबला, की मग काढा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. इंजिन निवल्यावर पाणी सावकाश घाला.

तेव्हा त्या लिंबाखालच्या तिघांपैकी बरोबर कोण? अजून कोणीच नाही. चौथा माणूस गप्प उभा होता. त्याने चालकाला विचारले, "दादा, चढावर तापली की बाजारातल्या गर्दीत?" दुरुस्ती खरी तिथून सुरू झाली. आणि घागर घेऊन आलेल्याला त्याने सांगितले, "ते पाणी आधी आपण पिऊ. गाडीला जरा निवू दे."