उष्मांकांचा हिशेब आणि आपले ताट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळास पन्नास वर्षे पूर्ण झाली, या आनंदाच्या प्रसंगी आहारावर काही बोलावे, असे कार्यकारिणीने सुचविले, तेव्हा आम्हांस ते सर्वथैव उचित वाटले. परमुलखात आपलेपण टिकवून धरणारी जी थोडी स्थाने असतात, त्यांत स्वयंपाकघराचा मान पहिला आहे. मुलांचे मराठी वाचन सुटते, नाटकाच्या तालमी थांबतात. परंतु चिंचगुळाची आमटी घरातून सहसा जात नाही. या आमटीकडे पाहण्याची एक नवी दृष्टी आता घरोघरी आली आहे. पंगतीत बसलेल्या तरुण मंडळींपैकी अनेकजण पदार्थाची चव घेण्यापूर्वी त्यात उष्मांक किती, याचा अंदाज घेतात. पूर्वी हा हिशेब रुग्णालयातील आहारतज्ज्ञ मांडीत. आता हातातील फोन तो दिवसातून चार वेळा मांडतो. या मोजणीमुळे आपल्या रोजच्या खाण्याची निवड कशी बदलते, त्यात हित किती आणि अहित किती, याचा विचार आज आपण करू.

प्रथम हे माप समजून घेतले पाहिजे. एक किलो पाण्याचे तपमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तो आहारशास्त्रातील एक उष्मांक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील विल्बर अॅटवॉटर या शास्त्रज्ञाने अन्नातील घटकांचे असे मोजमाप केले. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅमामागे ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅमामागे ९ उष्मांक, हे त्याचे कोष्टक आजही पाकिटांवरील छापील आकड्यांच्या मुळाशी आहे. पुढे १९१८ साली लुलू हंट पीटर्स या अमेरिकन डॉक्टर बाईंनी आहार आणि आरोग्य या विषयावरील आपल्या पुस्तकात वाचकांस असे शिकविले की, पावाचा एक तुकडा खाल्ला असे न म्हणता शंभर उष्मांकांचा पाव खाल्ला, असे म्हणावे. ते पुस्तक अमाप खपले. अन्नाचे नाव मागे पडून त्याचा आकडा पुढे येण्याची जी रीत आज आपण पाहतो, तिचे मूळ तेथे सापडते.

आपल्या देशात मात्र या मापाचा प्रवेश निराळ्या दाराने झाला, आणि त्या इतिहासाशी आपल्या या हैदराबाद शहराचा निकटचा संबंध आहे. १९१८ मध्येच रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निलगिरीतील कुन्नूर येथे पोषणविषयक संशोधनाचा आरंभ केला. ती संस्था १९५८ साली हैदराबादेस आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. तार्नाक्यावरून जाता-येता तिची पाटी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके कुन्नूरला असताना ऐक्रॉइड यांनी १९३७ साली प्रसिद्ध केली; पुढे १९७१ मध्ये डॉ. गोपालन व त्यांचे सहकारी यांनी ती नव्याने सिद्ध केली. आणि २०१७ साली देशभरातून गोळा केलेल्या ५२८ पदार्थांची कोष्टके याच संस्थेतून बाहेर पडली. ज्वारी-बाजरीचे आकडे मांडण्याची सोय आज घराघरांत झाली आहे, तिच्यामागे हा दीर्घ परिश्रम आहे.

या परिश्रमाचा हेतू कोणता होता? मनुष्यास पुरेसे मिळते की नाही, हे पाहणे. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा हिशेब मांडला, तेव्हा माणशी दररोज २२५० उष्मांक ही त्यांनी कसोटी धरली. ज्याच्या खर्चात तेवढे अन्न बसत नाही, तो दरिद्री. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेतला. एकाच माणसाची गरज, काम तेच असले तरी, काळानुसार कमीअधिक होते. म्हणून सरासरीच्या खाली असलेल्या प्रत्येकास उपाशी गणणे बरोबर नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. दांडेकरांनी त्यास उत्तर दिले आणि तो वाद दीर्घकाळ चालला. दोघेही आपल्याच मुलखातले, दोघांचीही तळमळ उपाशी माणसासाठीच. त्या वादाचा निर्णय आज येथे करावयाचा नाही. परंतु त्यातील एक बोध आपल्या कामाचा आहे. सरासरीचा आकडा समुदायासाठी असतो; एका माणसाच्या एका दिवसावर तो जसाच्या तसा बसत नाही. अन्न पुरते का, हे पाहण्यासाठी आणलेले माप आता अन्न फार तर होत नाही ना, हे पाहण्यासाठी वापरले जात आहे, आणि तेही रोज, प्रत्येक घासाला. तेव्हा सुखात्म्यांची ती सूचना आपण विसरता कामा नये.

आता या मोजणीचे गुण पाहू, कारण ते खरोखर मोठे आहेत. मोजू लागलेल्या माणसाच्या ध्यानी सर्वप्रथम येते ते तेल. एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम तेल किंवा तूप, ४५ उष्मांकांचे असते. फोडणीत ते दिसत नाही; भाजीत मुरते आणि हिशेबातून निसटते. तीच गोष्ट साखरेची. चहाच्या प्रत्येक कपात दोन चमचे साखर आणि दिवसास पाच कप चहा, एवढ्यात केवळ साखरेचेच २०० उष्मांक पोटात जातात आणि त्यास कोणी जेवण म्हणत नाही. उपवासाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. ५० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचे कूट आणि दोन चमचे तूप, एवढ्या खिचडीचे उष्मांक चारशेच्या घरात जातात. शंभर ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांचे साडेतीनशेच्या आतबाहेर भरतात. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपल्या आज्यांनी कोष्टकावाचून रचली होती. कोष्टकाने तिला दुजोरा दिला, इतकेच.

दुसरा गुण असा की, आपला आहार आणि आपला उद्योग यांची फारकत मोजणीमुळे उघड होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार अतिश्रमाचे काम करणाऱ्या पुरुषास दिवसास सुमारे ३४७० उष्मांक लागतात, तर बैठे काम करणाऱ्यास २११०. बैठे काम करणाऱ्या स्त्रीस १६६०. शेतात राबणाऱ्या आजोबांचा आहार आणि संगणकापुढे बसणाऱ्या नातवाची भूक यांत तेराशेहून अधिक उष्मांकांचे अंतर आहे. वाढणाऱ्या हाताला हे अंतर सहजी उमगत नाही, कारण तो हात मायेचा असतो आणि त्याला जुनेच प्रमाण ठाऊक असते. मधुमेह ज्या घरात शिरला आहे, त्या घराने तरी या आकड्यांकडे पाठ फिरवू नये.

पण मोजणी केवळ प्रमाण शिकवून थांबत नाही; काय खावे, हेही ती नकळत ठरवू लागते. ज्याचा आकडा ठाऊक, तो पदार्थ सोयीचा वाटतो. बिस्किटाच्या पुड्यावर उष्मांक छापलेले असतात. आजीच्या भरल्या वांग्यावर ते कोण छापणार? त्यात दाणे किती, खोबरे किती, तेल किती, हे तिने हाताच्या अंदाजाने घातलेले असते. मग हिशेबी माणूस वांगे बाजूस सारून शंभर उष्मांकांचा पुडा निवडतो, कारण त्याची नोंद चट्कन होते. शेंगदाण्याची चटणी स्निग्ध म्हणून वर्ज्य ठरते आणि मैद्याचा कोरडा पदार्थ आकडा लहान म्हणून पवित्र ठरतो.

वस्तुतः सारखे उष्मांक म्हणजे सारखे अन्न नव्हे. २०१२ साली अमेरिकेत बदामावर प्रयोग झाला. जुन्या कोष्टकानुसार ज्या मूठभर, म्हणजे २८ ग्रॅम बदामांचे सुमारे १७० उष्मांक होतात, त्यांतून शरीरास प्रत्यक्षात १२९ च मिळतात, असे आढळले; कारण अखंड दाण्यातील सारा स्निग्धांश पचत नाही. २०१९ साली केव्हिन हॉल यांनी वीस माणसांस दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. दोन्ही वेळी समोर मांडलेल्या अन्नातील उष्मांक सारखे होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. कारखानी अन्नाच्या काळात ती माणसे दिवसास सुमारे ५०० उष्मांक अधिक खाऊन गेली आणि त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले. तेव्हा केवळ आकडा जुळवून पुड्याकडे वळणारा माणूस आपलाच हिशेब बिघडवितो.

शिवाय नोंद करणारे मन पूर्ण विश्वासू नसते. १९९२ साली न्यूयॉर्क येथे, खूप कमी खाऊनही आपले वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या स्थूल व्यक्तींची तपासणी झाली. त्या आपल्या आहाराची नोंद प्रत्यक्षाहून सरासरी ४७ टक्क्यांनी कमी करीत होत्या. यात लबाडी होती असे मानण्याचे कारण नाही. येता-जाता तोंडात टाकलेली शेव, मुलाच्या पानातील उरलेला घास, हे कोणाच्या स्मरणात राहते? सार्वजनिक ठिकाणच्या आकड्यांचाही प्रभाव बेताचाच. मोठ्या उपाहारगृहांनी पदार्थांपुढे उष्मांक दाखवावेत, असा नियम आपल्याकडे २०२२ पासून लागू झाला. अशा फलकांविषयीच्या जगभरच्या अभ्यासांचा २०२५ साली जो आढावा निघाला, त्यानुसार ६०० उष्मांकांच्या जेवणामागे सरासरी ११ उष्मांकांची घट होते. घट आहे, पण चार घास कमी होतील अशी नव्हे.

आम्हांस अधिक काळजी वाटते ती वाढत्या वयाच्या मुलींची. मोजण्याचा नाद जडला की आकडा उणा करणे हाच विजय वाटू लागतो. सकाळचे जेवण वाचवून संध्याकाळी खर्च करावयाचे, सणाच्या पुरणपोळीची भरपाई म्हणून दुसरे दिवशी उपाशी राहावयाचे, पंगत टाळावयाची, हे प्रकार घरात दिसू लागले तर ते आरोग्याचे लक्षण समजू नये. वेळीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हाडे आणि रक्त बनण्याच्या वयात लोह, चुना आणि प्रथिने यांची गरज असते, आणि उष्मांकांच्या बेरजेत ती दिसत नाहीत.

मग करावे काय? आमची सूचना साधी आहे. ज्यांस वैद्यकीय कारणाने मोजणे सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरांच्या आज्ञेप्रमाणे मोजावे. इतर प्रौढांनी पंधरा दिवस प्रामाणिकपणे मोजून पाहावे, त्यातून तेल, साखर आणि वाढपाचे प्रमाण शिकावे, आणि मग वही मिटावी. त्यानंतर घासाचा हिशेब न ठेवता महिन्याच्या किराण्याचा ठेवावा. संस्थेने २०२४ साली सुचविलेल्या २००० उष्मांकांच्या ताटात दिवसास २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चार प्रौढांच्या घरास या प्रमाणाने महिन्यास साडेतीन लिटरच्या आसपास पुरते. डबा महिन्याआधी संपला तर कोणाच्याही पानाकडे न पाहता घराला आपली चूक कळते.

त्याच ताटात ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. आपल्या ताटाची डावी बाजू, म्हणजे कोशिंबीर आणि चटणी, आणि उजवीकडची भाजी-आमटी, यांना या दृष्टीने मोठा अर्थ आहे. मात्र कोशिंबीर चमचाभर आणि भाताच्या मुदी तीन, अशी जी प्रथा आपण पाडली आहे, ती उलटावी लागेल. पारंपरिक म्हणून सारेच निर्दोष, असा आमचा दावा नाही.

शेवटची विनंती यजमानांस. आग्रह करून वाढणे ही आपली रीत. परंतु पाहुण्याने एकदा पुरे म्हटले की हात आवरावा. आणि पाहुण्यांनीही वाढणाऱ्याच्या तोंडावर तिच्या पदार्थाचा आकडा सांगू नये. घरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांत आजी आणि नात यांच्यात बोलण्याचे विषय आधीच थोडे उरतात. आजीचा पदार्थ हा त्यांतील एक आहे. नातीने तिच्याजवळ बसून दाणे किती, गूळ किती, तेल किती, हे विचारून लिहून घ्यावे. त्यातून नातीला प्रमाण कळेल, पदार्थ पुढच्या पिढीस मिळेल, आणि तेल अर्ध्यावर आणण्याची सूचना आजीही आनंदाने ऐकेल.