दुसऱ्या अंकाविषयीं



शर्ली लॉरो या अमेरिकन लेखिकेचें, व्हिएतनाम युद्धांत सेवा केलेल्या स्त्रियांवरील ‘अ पीस ऑफ माय हार्ट’ हें नाटक आपली तरुण मंडळी बसवीत आहेत. दिग्दर्शकास पहिला मोह पडतो तो तोफांच्या गडगडाटाचा. तो आवरावा. खरी जखम दुसऱ्या अंकांत, घरीं परतल्यावर उघडते. तेथें नटींनीं रडूं नये, स्तब्ध राहावें. (आम्हां पाद्र्यांस प्रवचनांत हेंच साधत नाहीं!)

शेवट वॉशिंग्टनच्या स्मारकभिंतीपाशीं होतो. १९८२ सालच्या त्या भिंतीवर ५८,००० हून अधिक मृतांचीं नांवें आहेत. त्यांत स्त्रियांचीं केवळ ८. आपल्या सहा नायिका जिवंत परतल्या, म्हणून त्यांचें नांव तेथें नाहीं. हें मनांत धरून नटींनीं भिंतीकडे हळू चालत जावें.