पैऱ्याचा संगणक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला आधीच बजावलं होतं, "आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू जरा उपयोगाचं बोल." म्हणून मी आमच्या घरातल्या जुन्या संगणकाबद्दल बोलणार आहे. मी काही संगणकातला इंजिनिअर नाही. पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तेव्हा जे मला जमलं ते इथल्या कुणालाही जमेल, एवढं धरून ऐका.

आमचा संगणक २०१४ साली थोरलीच्या शिक्षणासाठी घेतलेला. मेमरी ४ जीबी. त्यावर विंडोज १० चालत होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा कंपनीनं थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरलेल्या यादीतला नवा प्रोसेसर लागतो. आमच्या यंत्रात दोन्ही नाही. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "भंगारात घाला, नवीन घ्या." आता यंत्र रोज सकाळी व्यवस्थित सुरू होत होतं. बैल धडधाकट आहे, फक्त नवीन जू त्याच्या मानेला बसत नाही, म्हणून त्याला दावणीवरून सोडायचं, असा हा प्रकार.

पुण्यात शिकणारी भाची म्हणाली, "मामा, टाकून देण्याआधी लिनक्स बसवून बघा. पैसे लागत नाहीत." पैसे लागत नाहीत म्हटल्यावर मला आधी संशयच आला. फुकटच्या गोष्टीत काहीतरी खोट असणार, असं आपल्याला वाटतंच. म्हणून हे काय प्रकरण आहे ते मी आधी समजून घेतलं.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकातला स्टोअरकीपर. कुठल्या कामाला किती मेमरी द्यायची, कुठली फाईल कुठल्या कप्प्यात ठेवायची, प्रिंटरकडे कुणी आधी जायचं, हे ती ठरवते. अशी एक सिस्टीम सगळ्यांसाठी खुली असावी, या विचारानं अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू नावाचा प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या मुलानं तिचा गाभा लिहायला घेतला आणि जगापुढे ठेवला. तेव्हापासून हजारो लोकांनी त्यात भर घातली. काही पगारी, काही हौशी.

हे ऐकल्यावर मला आपला पैरा आठवला. आज सगळे तुझ्या रानात, उद्या सगळे माझ्या रानात. मजुरीचा हिशोब नाही, पण पैरा फेडावाच लागतो. लिनक्सच्या परवान्यातही नेमकं हेच आहे. कुणीही वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. पण बदल करून पुढे वाटणार असाल, तर तो कसा केला तेही घेणाऱ्यासाठी उघडं ठेवा. इंग्रजीत मोफत आणि मुक्त या दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून तिकडे घोटाळा होतो. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. ही प्रणाली मोफत मिळते हे खरं, पण मुक्त आहे हे जास्त महत्त्वाचं.

आता प्रत्यक्ष कृती. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. मी लिनक्स मिंटचा एक्सएफसीई हा हलका प्रकार घेतला. त्याला किमान २ जीबी मेमरी लागते, ४ असली तर बरं. फाईल साधारण तीन जीबीची. ती उतरवून घेतली आणि ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर खास प्रोग्रॅमनं लिहिली. नुसती कॉपी करून चालत नाही. मग संगणक बंद करून, पेनड्राइव्ह लावून, सुरू होताना एफ-१२ दाबलं. काही यंत्रांना दुसरी कळ लागते. पडद्यावर नवीन सिस्टीम आली.

यातली खरी गंमत अशी की ती हार्ड डिस्कला हात न लावता नुसत्या पेनड्राइव्हवरून चालते. आपण कितीही दिवस वापरून बघायचं, आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढायचा. जुनं सगळं जागच्या जागी. मी आठवडाभर तसंच वापरलं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, प्रिंटर ओळखतो का, अशी माल तपासतात तशी यादीच केली. मग फोटो, बायकोच्या बचत गटाचे कागद, सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, ते उघडतंय याची खात्री केली आणि मगच कायमचं बसवलं. हा क्रम कुणीही मोडू नका. बसवताना पूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला, तर त्यावरचं काहीच उरत नाही.

अडचणी आल्या, त्याही सांगतो. जुना प्रिंटर चालायला दोन रविवार गेले. आता छपाई होते, पण शाई किती उरली ते दिसत नाही. हिशोबाचं एक सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, म्हणून ते काम मी कारखान्यातच करतो. ज्यांचा धंदाच अशा सॉफ्टवेअरवर आहे त्यांनी घाई करू नये. बाकी पत्रं, तक्ते, इंटरनेट, मुलांचे प्रकल्प, जुनी गाणी, यांत काही अडत नाही.

मराठीची बाजू तर माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी. इनस्क्रिप्ट कळफलक यात आधीपासून असतो, सेटिंगमध्ये जाऊन फक्त सुरू करायचा. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ठरवलेली ही मांडणी. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. 'कागल' लिहायला चारच कळा, इंग्रजीतल्या के, ई, आय आणि एन. 'लोहित' हा देवनागरी फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवला आणि रेड हॅटनं तो सगळ्यांसाठी खुला केला. लिब्रे ऑफिसमधले मेनूसुद्धा मराठीत करता येतात, कारण कुणीतरी बसून त्यातला एकेक शब्द मराठीत आणला. त्यांतला एखादा शब्द आपल्याला खटकला, तर तो सुधारायला आपणही हातभार लावू शकतो. अहो, मराठीच्या बाई इथे बसल्या आहेत. त्यांनी आमच्या वह्यांत जेवढी लाल शाई खर्च केली, त्याच्या निम्म्यात हे काम होईल!

हे गरिबाघरचं तात्पुरतं काम आहे, असं कुणी समजू नये. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालतं. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच. सी-डॅकनं 'बॉस' नावाची भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली तयार केली आहे. केरळात सरकारी आणि अनुदानित शाळांतून गेली अनेक वर्षं मुक्त प्रणालीवरच संगणक शिकवतात. तिथली काईट ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची आवृत्ती काढते.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या शाळेच्या संगणक कक्षात बारा यंत्रं झाकून ठेवली आहेत. मुख्याध्यापकांच्या परवानगीनं मी गेल्या महिन्यात ती पाहिली. नऊ सुरू होतात, पण कुणीतरी ती 'कालबाह्य' ठरवली आहेत. इकडे आठवी-नववीची पोरं घरी फक्त मोबाईलवर असतात. मोबाईलवर बघायला मिळतं, पण पानभर अर्ज लिहिणं, तक्ता मांडणं, छोटा प्रोग्रॅम करणं, हे शिकायला कळफलक लागतो. कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर गेलेल्या शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्या गावात चालू यंत्रं झाकलेली आणि पोरं बाहेर, हे बरं दिसत नाही.

स्नेहमेळाव्याच्या शिलकीतून नवे संगणक घ्यावेत अशी सूचना आली आहे. चांगली आहे, पण शिल्लक दोन-तीन यंत्रांतच संपेल. माझी विनंती वेगळी आहे. मला तुमचे चार रविवार द्या. घरी पडलेला जुना संगणक, माऊस, कळफलक असेल तर तो घेऊन या. बसवायचं कसं ते मी पहिल्या दिवशी दाखवतो. दुसऱ्या रविवारी तुम्ही दाखवायचं. तिसऱ्या रविवारी नववीच्या मुलामुलींनी स्वतः बसवायचं, आपण हाताची घडी घालून उभं राहायचं. चौथ्या रविवारी राहिलेली दुरुस्ती. त्यानंतर यंत्र बिघडलं तर दुकानाची वाट बघायची गरज नाही, दुरुस्त करणारी पोरं शाळेतच असतील.

या शाळेनं आपल्या रानात दहा वर्षं काम केलंय. पैरा फेडायचा राहिलाय. बाहेरच्या टेबलावर वही ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी नाव आणि जमणारे रविवार लिहून जा.