जगावेगळ्या लेकराची शाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी शाळेचा विषय कशाला, असे काही जणींच्या मनात आले असेल. पण जून जवळ आला की आपल्या ओसरीवर दुसरे बोलणे तरी कोणते असते? अमकीचा मुलगा परभणीला घातला, तमकीचा लातूरला. सरळ वाटेने चालणाऱ्या मुलांचे फारसे अडत नाही. त्यांना कोणतीही शाळा मानवते. मला बोलायचे आहे ते वाट सोडून चालणाऱ्या लेकराबद्दल.

अशी लेकरे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. एखादा पाढे विसरतो, पण बिघडलेला पंप उघडून पुन्हा नीट बसवतो. एखादी वर्गात तोंड उघडत नाही आणि घरी आली की पानेच्या पाने लिहिते. एखाद्याला ऐकलेली गोष्ट तोंडपाठ होते, पण तीच छापलेली वाचायला दिली की अक्षरे पळू लागतात. त्यांना आपण धांदरट, घुमी, येडपट अशी नावे ठेवून मोकळ्या होतो. २००७ साली ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला, तेव्हा अशा मुलासाठी पुष्कळ जणी पदराने डोळे पुसत बाहेर पडल्या. घरी गेल्यावर शुद्धलेखनाच्या वहीवरून धपाटे बंद झाले की नाही, ते ज्याचे त्यानेच सांगावे.

आता मुद्द्याकडे येते. २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला मोठा आधार दिला आहे. आठवी पुरी होईपर्यंत त्याला शाळेतून काढून टाकता येत नाही, मारता येत नाही, टाकून बोलता येत नाही. प्रवेशासाठी त्याची किंवा आईबापांची परीक्षा घेता येत नाही. पण हा कायदा आठवीच्या उंबरठ्यापर्यंतच सोबत करतो. नववीत पाऊल टाकले की लेकरू त्या शाळेच्या स्वभावावर सोपवलेले असते. म्हणून माध्यमिक शाळा निवडताना इमारत, गणवेश, बसगाडी यांच्या आधी तिचा स्वभाव पाहावा.

तो ओळखायचा कसा? शाळेच्या फाटकावर ‘निकाल शंभर टक्के’ असा फलक असतो. तो वाचून भारावून जाऊ नका. आत जाऊन मुख्याध्यापकांना एवढेच विचारा: मागल्या वर्षी नववीत मुले किती होती, आणि त्यांतली दहावीच्या परीक्षेला तुमच्याच शाळेतून किती बसली? समजा, नववीत साठ होती आणि दहावीला चाळीसच बसली, तर उरलेली वीस कुठे गेली? काही गाव सोडून गेली असतील, एखाददुसऱ्या मुलीचे लग्न उरकले असेल, हेही दुःखच. पण काही शाळा कच्च्या मुलाच्या बापाला नववीतच बोलावून सांगतात, ‘याचा दाखला घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा.’ फलकावरचे शंभर टक्के पुष्कळदा असे जमवलेले असतात. तुमचे लेकरू जगावेगळे असेल, तर त्या वीसांत पहिले नाव त्याचेच लागायचे.

सतरा नंबरचा फॉर्म वाईट नाही. १९८९ सालापासून राष्ट्रीय मुक्त विद्यालयही आहे. तिथे पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येते, एकेक विषय सोडवता येतो. ज्याला वर्गाचा जाचच सोसत नाही, त्याला ती वाट बरी. मात्र ती वाट आपण विचार करून धरावी, शाळेने ढकलून दिली म्हणून नव्हे.

वेगळी शाळा शोधणे हे शहरातल्या हौशी लोकांचे थेर आहेत, असे कुणी म्हणेल. तसे नाही. आपल्या मराठवाड्यानेच हे करून दाखवले आहे. निजामाच्या राज्यात सरकारी माध्यमिक शिक्षण उर्दूतून होई. मराठी घरातले लेकरू तिथे आपल्याच गावात परके होऊन बसे. १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. ज्यांनी आपली मुले तिथे धाडली, त्या आईबापांना सरकारी नोकरीचा रस्ता सोपा होणार नव्हता, हे कळत नव्हते काय?

अलीकडचे उदाहरण फलटणचे. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकेच्या, भाषाशास्त्राच्या अभ्यासक. फलटणला येऊन त्या तिथल्याच झाल्या. शाळेत न टिकणाऱ्या वस्तीतल्या मुलांना त्या शिकवू लागल्या, आणि त्यातूनच १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा उभी राहिली. सगळ्या जातींची, सगळ्या परिस्थितीची मुले एका वर्गात, आणि हाताला लागतील अशी पुस्तके! जिंतूरहून लेकरू फलटणला पाठवा असे मी म्हणत नाही. पण आपल्या गावातल्या शाळेत गेल्यावर पुस्तकांचे कपाट उघडे आहे की त्याला कुलूप आहे, एवढे तर पाहता येईल. कुलपावर धूळ असेल तर मग विचारायलाच नको.

अक्षरे पळणाऱ्या लेकराच्या आयांनी एक गोष्ट ध्यानात धरावी. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचन-लेखनाची ही अडचण आणि स्वमग्नता, दोन्ही नावानिशी आहेत. सरकारमान्य रुग्णालयातून तपासणी करून प्रमाणपत्र घेतले, तर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मंडळ देते. अर्ज शाळेमार्फत करावा लागतो. म्हणून प्रवेशाच्या वेळीच विचारा, ‘असा अर्ज आपण कधी केला आहे का?’ मुख्याध्यापक कागद शोधू लागले तर बरे समजा. ‘आमच्याकडे अशी मुलेच नसतात’ म्हणाले, तर नमस्कार करून उठा.

दूर की जवळ, हा वाद घरोघर असतो. माझे मत सांगते, पटले तर घ्या. हुशार आणि धीट मूल वसतिगृहात निभावते. बुजऱ्या, हळव्या, अडखळत बोलणाऱ्या लेकराला मात्र संध्याकाळी घरी यायला हवे. परभणी इथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर; तिथल्या नावाजलेल्या वर्गात शंभरांतला एक होऊन बसण्यापेक्षा, ज्याचे नाव एका तरी गुरुजींना प्रेमाने ठाऊक आहे अशी इथली साधी शाळा बरी. मुलींच्या बाबतीत ‘जवळची’ म्हणजे ‘फुकटची आणि कशीही’ असा अर्थ मात्र होऊ देऊ नका. खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना आहे. चांगली शाळा दोन गावे पलीकडे असेल, तर पोरीलाही तिथे जाऊ द्या.

शाळा पाहायला जायचे ते स्नेहसंमेलनाला नव्हे, त्या दिवशी सगळ्याच शाळा गोड दिसतात. साध्या वारी, मधल्या सुट्टीत जा. मागच्या बाकावरची मुले डबा कुणाबरोबर खातात ते बघा. शिपाईमामांशी दोन शब्द बोला. शाळेची खरी माहिती त्यांच्याकडे असते. आणि लेकराला बरोबर न्या. त्याच्याशी कोण बोलते, की सगळे त्याच्या डोक्यावरून तुमच्याशीच बोलतात, ते त्याला बरोबर कळते. एकटीला जायला संकोच वाटत असेल, तर मंडळात सांगा. मुख्याध्यापकांच्या खोलीत दोघीतिघी बसलेल्या असल्या की नववीचा आकडा लवकर सापडतो.