यंदा कबड्डीचा चषक कोणाकडे?



कबड्डीचा हंगाम जवळ आला की भाकितांना ऊत येतो. डोंबिवलीला लोकलमध्ये चढलेली मंडळी ठाणं येईपर्यंत प्रो कबड्डीचा चषक तीन संघांना वाटून मोकळी होतात. कोणी यू मुंबा म्हणतो, कोणी पुणेरी पलटण. ज्याला बसायला जागा मिळालेली असते त्याचं मत सर्वांत ठाम! भाकीत करण्यात गैर काही नाही. फक्त ते पत्रिका मांडून न करता मागच्या हिशेबाच्या वहीवरून करावं. तेव्हा आज आपण ती वहीच उघडू.

ही स्पर्धा २०१४ साली सुरू झाली आणि २०२५ पर्यंत तिचे बारा हंगाम झाले. या बारा हंगामांत आठ निरनिराळे विजेते झाले. पाटण्याने तीनदा, जयपूर व दिल्लीने दोन-दोनदा, आणि मुंबई, बंगळूर, बंगाल, पुणे व हरियाणा यांनी एकेकदा चषक उचलला. आता गंमत पाहा. आदल्या विजेत्याला चषक राखण्याची संधी अकरा वेळा आली. ती साधली दोनदाच, आणि दोन्ही वेळा पाटण्याने. असं का व्हावं? लिलावात संघ मोडतात, पुन्हा बांधले जातात. सातजणांची एकमेकांच्या हालचालींची सवय पैसे टाकून विकत मिळत नाही. ती लागायला वेळ जातो.

दुसरं पान अंतिम सामन्यांचं. २०१७ साली पाटण्याने गुजरातला ५५-३८ असं हरवलं. दोन्ही संघांचे मिळून ९३ गुण. पुढच्या हंगामात बंगळूरच्या ३८ गुणांपैकी २२ एकट्या पवन सेहरावतचे होते. तो काळ चढाईचा. पुढे पुण्याने हरियाणाला २८-२५, हरियाणाने पाटण्याला ३२-२३ आणि २०२५ मध्ये दिल्लीने पुण्याला ३१-२८ असं हरवलं. बेरीज ५३, ५५ आणि ५९. चाळीस मिनिटांचा सामना, तीस सेकंदांची चढाई, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून सुमारे ऐंशी चढाया. त्यात साठसुद्धा गुण होत नाहीत! संघ दोन चढाया रिकाम्या सोडतात आणि तिसऱ्या, ‘करो या मरो’च्या चढाईवर डाव लावतात. त्या चढाईत गुण नाही मिळाला तर गडी बाद. अशा वेळी पकड करणाऱ्याचं मोल वाढणारच.

पकडीचं मूळ बहुधा कोपऱ्यात असतं. इराणचा फजल अत्राचली हा डाव्या कोपऱ्याचा खेळाडू. तो २०१५ मध्ये मुंबईकडून, २०१६ मध्ये पाटण्याकडून आणि २०२५ मध्ये दिल्लीकडून विजेता ठरला. त्याचाच देशबांधव मोहम्मदरेझा शादलुई आधी पुण्याकडून जिंकला, लगेच पुढच्या हंगामात हरियाणाकडून. पण थांबा, घाई नको. तोच शादलुई २०२५ मध्ये गुजरातकडे गेला आणि गुजरात अंतिम फेरीच्या जवळपासही आला नाही. सांगायचं ते असं, की कोपरा एकटा लढत नाही. साखळी धरायला शेजारी माणूस लागतो.

या वहीवरून माझे चार अंदाज. पहिला : दिल्लीला चषक राखता येणार नाही. दुसरा : गेल्या चार हंगामांत तीनदा अंतिम फेरी गाठणारी पुणेरी पलटण शेवटच्या चारांत असेल. तिसरा : पहिले तीन अंतिम सामने खेळून नंतर तिकडे न फिरकलेली यू मुंबा बाद फेरी गाठेल, पण चषक तिला हुलकावणी देईल. ठाणेकर रागावतील, इलाज नाही. चौथा : अंतिम सामन्याच्या गुणांची बेरीज पासष्टच्या आत राहील.

हे सारं खोटंही ठरू शकतं. १९९० पासून २०१४ पर्यंत आशियाई क्रीडास्पर्धांत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताची होती. २०१८ मध्ये जकार्ताला उपांत्य फेरीतच इराणने आपल्याला गारद केलं. त्या संघात आपल्या कल्याणचा गिरीश एर्नाकही होता, तोही कोपऱ्याचाच खेळाडू. खेळ वही वाचत नाही, हेच खरं.

आता थोडं घरचं बोलू. ठाण्या-कल्याणच्या व्यायाममंडळांतून संध्याकाळी घाम गाळणारी मुलंही एक भाकीत उराशी धरून असतात : ‘यंदा लिलावात माझं नाव पुकारलं जाईल.’ हिशेब कठोर आहे. संघ बारा, एकेका संघात फार तर पंचवीस गडी. म्हणजे सगळ्या देशातून आणि परदेशांतूनही तीनशेच्या आत माणसं. पूर्वी चांगल्या कबड्डीपटूला रेल्वे, पोलीस, बँक किंवा एखादी कंपनी नोकरी देई. त्या नोकरीवर घर उभं राहायचं. लिलावाची रक्कम मोठी दिसते, पण गुडघा दुखावला की पुढच्या वर्षी कोणी पुकारत नाही. तेव्हा आईबापांनो, मुलाला मैदानावरून ओढून आणू नका. मात्र पदवी किंवा एखादं हातातलं कसब त्याच्याकडून पुरं करून घ्या. पकड चुकली तर मागे कोणीतरी उभं असावं लागतं, तसंच हे.

आणखी एक. अंदाजावर पैसे लावू नका. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांना संसदेने २०२५ साली कायद्याने बंदी घातली, ती उगीच नव्हे. कित्येक घरांचं महिन्याचं रेशन त्या पडद्यात गेलं. भाकिताची मौज चहाच्या पैजेपुरतीच बरी.

तुमचा अंदाज आजच कागदावर लिहा, खाली कारणही लिहा आणि कागद कपाटात ठेवा. अंतिम सामन्यानंतर तो काढून पाहा. नाव चुकलं तरी कारण बरोबर निघालं, तर खेळ तुम्हाला कळू लागला असं समजा.