सोनार केल्ल्याचा बेत
(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात केलेले भाषण)



2025 च्या डिसेंबरात आम्ही चौघं जैसलमेरला जाऊन आलो. त्यावर बोला, असं चिटणीसांनी फर्मावलं. मी त्यांना म्हटलं, प्रवास आठ दिवसांचा होता, पण बेत सहा महिने चालला होता. बोलायचं तर त्या बेताबद्दलच बोलेन. वाळूचे आणि उंटांचे फोटो काय, सगळ्यांच्या मोबाइलवर आहेतच.

जैसलमेरच का, हा प्रश्न पुण्या-नागपूरकडचा माणूस विचारेल. कोलकात्यात तो कोणी विचारत नाही. 1974 च्या डिसेंबरात सत्यजित राय यांचा 'सोनार केल्ला' लागला, तेव्हा मला नोकरीसाठी इथे येऊन जेमतेम चार महिने झाले होते. घरमालकांनी जवळजवळ ओढूनच नेलं. पूर्वजन्म आठवणारा मुकुल, त्याचा अभ्यास करणारे डॉक्टर हाजरा (आपल्या महाराष्ट्र निवासच्या रस्त्याचंच नाव, म्हणून तेवढं डोक्यात राहिलं), कानपूरला गाडीत चढणारा जटायू... निम्मं बोलणं कळलं नाही. पण शेवटी तो पिवळा किल्ला दिसला आणि ठरवलं, एकदा जायचं. पुढे लग्न झालं, सौ. इथे आली आणि तिनेही बंगाली शिकायला याच सिनेमाचा आधार घेतला. मग 'दीपुदा' झालं, म्हणजे दीघा, पुरी, दार्जिलिंग, तेही चार-चार वेळा. जैसलमेर मात्र पन्नास वर्षं राहूनच गेलं. मी चौऱ्याहत्तरचा झालो, तिच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली, तेव्हा जाग आली. पुण्याचा धाकटा भाऊ आणि भावजयही तयार झाले.

पहिला वाद तारखेवरून. इथल्या सवयीने मी पूजेची सुट्टी धरली होती. पण तेव्हा तिकडे दुपारी ऊन चांगलंच भाजतं. शिवाय विमानांचं हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, आणि जैसलमेरची उड्डाणं हा मुख्यतः हिवाळ्याचा खेळ. पूजा त्याआधी येते. म्हणून डिसेंबर ठरला.

भावाची दुसरी शंका सरहद्दीची होती, आणि ती खोटी नव्हती. 2025 च्या मे महिन्यात उत्तर आणि पश्चिम भारतातले 32 विमानतळ नागरी वाहतुकीला बंद झाले, त्यांत जैसलमेर आणि जोधपूर दोन्ही होते. 12 मेला ते उघडले. हे दोन्ही हवाईदलाचे तळ आहेत, हे आपण तिकीट काढताना विसरतो. त्याच महिन्यात डीजीसीएने अशा तळांवर उतरताना-उडताना खिडकीचे पडदे खाली ठेवण्याची सूचना काढली. तेव्हा वाळवंट वरून दिसेल म्हणून खिडकीच्या सीटसाठी जादा पैसे भरण्यापूर्वी त्या वेळचा नियम विचारून घ्या.

आम्ही जोधपूरला उतरायचं ठरवलं. आम्ही दोघं दिल्लीत विमान बदलून, तो मुंबईहून. इथल्या एका एजंटाने आमच्यासाठी स्वस्तातली तिकिटं काढली, आणि मी खुशीत पैसेही भरले. आठवड्याने सौ.ने चष्मा लावून ती वाचली. दिल्लीत दोन विमानांमध्ये पन्नास मिनिटं, टर्मिनल वेगळं आणि दोन तिकिटांचे पीएनआरही वेगळे! पीएनआर वेगळे असले की पहिलं विमान उशिरा पोचल्याने दुसरं चुकलं, तर ते सर्वस्वी आपल्या नशिबावर. तिकिटं रद्द केली, पैसे कापले गेले, एका पीएनआरवर पुन्हा काढली. तुम्ही एवढी एकच गोष्ट टिपून घेतलीत तरी माझं भाषण वसूल.

जोधपूर ते जैसलमेर सुमारे 285 किलोमीटर. त्यासाठी मी रात्रीची एसी स्लीपर बस धरली होती, झोपून जाऊ म्हणून. 14 ऑक्टोबर 2025 ला जैसलमेरहून जोधपूरला निघालेली तशीच एक बस पेटली आणि वीसहून जास्त माणसं गेली. बातमी वाचली तेव्हा माझ्या हातात आमच्याच बसच्या सीट नंबरांचा कागद होता. त्याच दुपारी रद्द केली. दिवसाची रेल्वे घेतली आणि ती उत्तम ठरली. वाटेत रामदेवरा स्टेशन लागतं. फेलूदा, तोपशे आणि जटायू रात्री गाडीची वाट बघत बसतात ते हेच. सौ. दारात उभी राहून फलाट बघत होती. गुडघ्यांचं नावही निघालं नाही.

पण खरं भांडण झालं ते राहायचं कुठे यावर. भावाने किल्ल्याच्या आतलं, बुरुजातल्या खोलीचं हॉटेल शोधून ठेवलं होतं. न्हाणीघरात टब, टबातून वाळवंट! मी म्हटलं, राहायचं खाली गावात, वर दिवसा जायचं. तो उखडला. "दादा, किल्ल्यात राहायचं नाही, तर एवढ्या लांब जायचं कशाला?"

माझं कारण सांगतो. रावळ जैसलने 1156 मध्ये वसवलेला हा किल्ला अजून नांदता आहे, आत काही हजार माणसं राहतात. ती पूर्वी पाणी खालून, घड्यांनी आणत. गडसीसर तलाव चौदाव्या शतकात महारावळ गडसीने बांधून काढला, त्यावर गाव जगलं. थेंब मोजून वापरणाऱ्यांचं सांडपाणी ते किती असणार! पुढे नळ आले. आज या जिल्ह्याला पाणी देणारा इंदिरा गांधी कालवा पंजाबातल्या हरिकेपासून 649 किलोमीटर येतो, सतलज-बियासचं पाणी घेऊन. नळामागून पाहुणे आले, हॉटेलं आली, शॉवर आले. गळक्या गटारांतलं ते सगळं पाणी टेकडीच्या ठिसूळ पोटात मुरू लागलं. 1996 मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने हा किल्ला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातला. मग दुरुस्त्या झाल्या, 2013 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसाही झाला. तरी 2024 च्या ऑगस्टमधल्या पावसात तटाचा एक भाग कोसळलाच.

हे मी फोनवर सांगितलं तर भाऊ म्हणाला, "आपल्या चौघांच्या आंघोळीने किल्ला पडणार आहे का?" त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. आतल्या लोकांची पोटंही याच खोल्यांवर आहेत.

आठ-दहा दिवस अबोला होता. मग 22 सप्टेंबरची रात्र आली. तुम्हा सर्वांना आठवतच असेल. पूजेच्या तोंडावर, 23 तारखेच्या सकाळपर्यंत शहरात अडीचशे मिलिमीटर पाऊस झाला, विजेच्या धक्क्याने माणसं गेली. आमच्या तळमजल्यावर पोटरीभर पाणी होतं. भावाचा काळजीचा फोन आला. मी त्याला सांगितलं, "अरे, जैसलमेरला वर्षभरात पडत नाही एवढा काल रात्रीत पडला." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तुझं ते खालचं हॉटेल बुक कर." पटलं म्हणून की दया आली म्हणून, मी विचारलं नाही.

खालच्या हॉटेलच्या गच्चीवरून किल्ला समोर दिसायचा. हे भावानेही कबूल केलं की किल्ल्यात राहून किल्ला दिसत नाही. तीन दिवस आम्ही रोज सकाळी वर चढत होतो, थांबत थांबत. गाइडने बंगालीत बोलायला सुरुवात केली, कोलकात्याचे म्हटल्यावर दुसरं काय होणार! त्याने मुकुलचं घर दाखवलं. पडकं घर, दुसरं काही नाही. सौ. तिथल्या दगडावर वीस मिनिटं बसली. शेजारच्या घरातल्या आजीबाईंनी पितळी पेल्यातून पाणी आणून दिलं. भावाने अर्धं प्यायलं आणि उरलेलं ओतायला जागा शोधू लागला. आजीबाईंनी पेला त्याच्या हातातून घेतला आणि दारातल्या तुळशीला घातला.

सम, कुलधरा, लोंगेवाला हे सगळं केलं. त्यावर गाइडबुकं भरपूर आहेत.

आता चिटणीसांचा बेत असा की या डिसेंबरात मंडळाची वीस जणांची सहल न्यावी आणि ती मी आखावी. माझी तयारी आहे. ज्यांना यायचंय त्यांनी पूजेआधी नावं द्यावीत. विमानं एका पीएनआरवर, पुढे दिवसाची रेल्वे, खोल्या किल्ल्याखाली. वर राहायचा हट्ट कोणाचा असेल तर आधी माझ्याशी भांडावं, मला आता सवय झाली आहे. रात्री थंडी कडक असते. मंकी कॅप ज्याची त्याने आणावी.