अकरा मिलिग्रॅमचा फरक

प्रयोगशाळेतील तराजू काचेच्या पेटीत का ठेवलेला असतो, हे विद्यार्थी क्वचितच विचारतो. पेटीचे दार उघडे राहिले तर वजन करणाऱ्याच्या श्वासानेही पारडे डोलते. असे दोष कधी इकडे, कधी तिकडे झुकतात. पुनःपुन्हा मोजून सरासरी काढली की ते बरेच निवळतात. परंतु व्हर्निअरचे जबडे मिटले असता शून्यावर शून्य येत नसेल, तर तेच माप शंभर वेळा घेतले तरी चूक तिळभर हलत नाही. ती शोधण्यास दुसरे उपकरण किंवा दुसरी रीत लागते.

लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने हे जाणले होते. वायूंची घनता मोजण्यासाठी तो सुमारे दोन लिटरचा काचेचा गोळा वापरी आणि दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच आकाराचा गोळा टांगी. हवेच्या उत्प्लावक बलाचा परिणाम दोन्हींकडे सारखाच व्हावा, हा हेतू. गोळा निर्वात केल्यावर बाहेरच्या दाबाने किंचित आक्रसतो, ही बारीक गोष्टही त्याने १८८८ साली हिशेबात घेतली.

पुढे त्याने नत्रवायू तोलला. अमोनियाच्या साहाय्याने हवेतला प्राणवायू काढून टाकला, आणि आकडे सुरेख जुळले. एवढ्यावर थांबता आले असते. पण त्याने दुसऱ्या रीतीने, अमोनियाविना तापलेल्या तांब्यावरून हवा नेऊन, नत्रवायू केला आणि तो सुमारे एक सहस्रांशाने जड भरला! अमोनियाच्या रीतीत नत्रवायूचा थोडाच भाग अमोनियातून येई. बाकीचा हवेतलाच.

अशा वेळी फरक कसा मिटेल, इकडेच मनाचा ओढा असतो. (आपल्या वर्गांत पुस्तकातल्या उत्तराशी जुळावे म्हणून निरीक्षण खोडणारे विद्यार्थी थोडे नाहीत, आणि त्यांस गुण देणारे शिक्षकही!) रॅलेने उलट केले. त्याने हवेऐवजी शुद्ध प्राणवायू घेतला. आता सर्व नत्रवायू अमोनियातूनच आला, आणि फरक वाढून दोनशेंत एक झाला. गोळ्यातील हवेचा नत्रवायू २.३१०२ ग्रॅम, रासायनिक सुमारे २.२९९० ग्रॅम. अंतर अकरा मिलिग्रॅम.

हलक्या वायूत हायड्रोजन राहिला असेल काय? त्याने मुद्दाम हायड्रोजन मिसळून पाहिला; शुद्धीकरणात तो निघून गेला. एक नमुना आठ महिने ठेवला. वजन बदलले नाही. मग शंका उलटली. हलका वायू अशुद्ध नसून हवेतल्या नत्रवायूतच काही जड मिसळलेले असावे.

१७८५ साली हेन्री कॅव्हेंडिशने विजेच्या ठिणग्यांनी हवेतला नत्रवायू शोषवला होता. शेवटी एक बुडबुडा उरला. मूळ नत्रवायूच्या एकशेवीसाव्या भागाहून तो अधिक नसेल, एवढे त्याने प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले. पुढे शंभर वर्षे त्या बुडबुड्याकडे कोणी वळून पाहिले नाही. रॅलेने तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला, तर विल्यम रॅमसेने तापलेल्या मॅग्नेशियमकडून नत्रवायू शोषवून घेतला. दोघांच्याही हाती जो वायू उरला, तो कशाशीच संयोग पावेना. १८९४ च्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांनी ही वार्ता जाहीर केली. नाव ठरले अरगॉन, म्हणजे ग्रीक भाषेत 'आळशी'. हवेत त्याचे प्रमाण शेकडा एकास थोडे कमी. कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट अधिक. १९०४ साली रॅलेस पदार्थविज्ञानाचे आणि रॅमसेस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.